रहाफनं आवळलेला फिल्टर

—नाही, तो नाही रे, तो साधा पाना झाला — पट्ट्याचा, पट्ट्याचा पाना दे, कुसै, कमरपट्ट्यासारखा दिसतो तो — हां, हाच. आता तिथंच बस, टायरपाशी. सूट मळेल? मग उकिडवा बस. मुलगी मागायला आलायस, थोडा त्रास होणारच. वर तुझे काका, मामा, गल्लीतले निम्मे पुरुष खोळंबलेत आणि सासरा — होणारा, अजून हो म्हटलं नाहीये मी — गाडीखाली आडवा. लोक काय म्हणतील? म्हणू देत. सगळं तेल खाली काढून झालंय आणि हा फिल्टर जागचा हलत नाही. अशी उघडी गाडी टाकून वर येऊ?

गेल्या वेळी रहाफनं बसवलाय हा. हो, तुझ्या रहाफनं — म्हणजे माझ्या. तिला शंभरदा सांगितलं, रबराच्या कड्याला तेलाचं बोट लाव, हलक्या हातानं आवळ, बस्स — पण ती कुठली ऐकतेय! तिनं लोणच्याची बरणी बंद केली ना, की घरात कुणाला लोणचं मिळत नाही. हे माहीत होतं तुला? नव्हतं. बघ, माणसानं आधी चौकशी करावी. आणखी ऐक — घोरते. मुंतसरला, तिच्या सख्ख्या थोरल्या भावाला, पंजा लढवताना रडवलंय तिनं. मसुराच्या सूपात मीठ विसरते, आणि विसरलीस म्हटलं की तीच भांडते — हसतोस काय? मी तुला घाबरवतोय!

सटकला! पट्टा सटकला. तो पॉलिशपेपर दे, भोवती गुंडाळतो... ओढतोय... हुं... हुं... नाही. उलट आणखी घट्ट झाल्यासारखा वाटतोय, मेला. बरं, मोठा स्क्रूड्रायव्हर दे. आणि हातोडी. आरपार भोसकतो आणि त्यालाच धरून फिरवतो. — बायको वरून ओरडतेय ना माझी? काय म्हणतेय, पाहुणे ताटकळलेत? सांग, पाचच मिनिटं. मघाशीही पाचच सांगितली होती? मग तेच सांग, माणसानं शब्द बदलू नये. — घुसला! घुसला आत! आता फिरव... अरे, हा तर नुसता फाटत चाललाय...

तू चांगला मुलगा आहेस. गप्प बसतोस. रहाफ असती तर एव्हाना डोकं खाल्लं असतं — बाबा, इंजिन जरा गरम करून घ्यायचं होतं, बाबा, पाय बाजूला घ्या. एवढीशी होती तेव्हापासून तिथंच बसायची, आता तू बसलायस तिथंच, बॅटरीचा उजेड धरून, आणि तोंडाला क्षणाची विश्रांती नाही. आता तू तिला अकाबाला नेणार. म्हणजे देशाचं दुसरं टोक. बंदरात नोकरी आहे म्हणे — असेल चांगली. पण इथं इर्बिदला काय वाईट आहे? बंदर नाही, ते सोड. — खरं सांगू? तेल बदलायला अजून बराच अवकाश होता. बघ त्या पातेल्यात, मधासारखं निघालंय. तुमच्या गाड्या कोपऱ्यावर वळताना गच्चीतून दिसल्या आणि मी हत्यारांची पेटी उचलून मागच्या जिन्यानं — जाऊ दे. हे वर बोलू नकोस.

काय? काही म्हणालास?

उलटा? उलटा म्हणजे? अरे, मी पलीकडून हात घातलाय, म्हणजे तुझी डावी ती माझी... थांब. थांब, थांब. म्हणजे इतका वेळ मी आवळतोय? आणि तुला हे केव्हापासून दिसतंय? पट्ट्याच्या पान्यापासून?! अरे गाढवा, मग बोलला का नाहीस? आदर? आदरानं फिल्टर निघतो? उद्या माझी मुलगी असंच काहीतरी उलटं फिरवत बसली तर तेव्हाही हात बांधून आदरानं बघत बसशील? नाही? तिला सांगशील? अरे, तिला सांगायला तर माझ्यापेक्षा जास्त हिंमत लागते! ...बरं. दाखव. कुठल्या बाजूला? इकडे? अं — हलला. हलला की! अरे, हातानं फिरतोय! बघ, निघा— थू! थू! फडकं! फडकं दे! माझ्या तोंडावर काय टाकतोस, हातात दे!

हस. हस, मोठ्यानं हस, गल्लीला ऐकू जाऊ दे. नवा फिल्टर त्या खोक्यात आहे, घे. तू बसव. सरक आत, सूट गेलाच आहे तुझा. कड्याला तेल... लावलंस? मला न विचारता? हं.

आता वर जा. तुझ्या काकांना सांग, कॉफी प्या म्हणावं. हो, तेच सांग, बरोब्बर याच शब्दांत — मी होकार दिल्याशिवाय कपाला शिवणार नाहीत ते, आणि केव्हाची ओतून ठेवलीय बिचारी. मी? मी येतो मागून. डोळ्यात तेल गेलंय. दोन्ही. हो, दोन्ही डोळ्यांत, जातं तेल दोन्ही डोळ्यांत! बघत काय उभा राहिलायस? जा म्हटलं ना!