ढब्बूचे सेल

मी : बाबा, इकडे बघ. सरळ विचारते, सरळ उत्तर दे. तू अजून खेळण्यांशी खेळतोस का?

बाबा : हा प्रश्न तुझा, की कुणी पढवून पाठवलंय?

मी : टोळीचा. पैज लागलीय. नाही विचारलं तर आठवडाभर दोन शेंड्या बांधून शाळेत जायचं. आणि विचारताना हसायचं नाही, अशी अट. हसले का मी?

बाबा : नाही. नाक तेवढं फुगलं होतं.

मी : नाकाची अट नव्हती. उत्तर दे.

बाबा : खेळत नाही. सांभाळतो. जा, सांग तुझ्या टोळीला.

मी : सांभाळतो म्हणजे काय करतोस?

बाबा : पुसतो. चावीत तेल सोडतो. सेल काढून ठेवतो. मग कपाटात लावतो आणि काच बंद करतो.

मी : मग आज काच उघडी का? आणि ही खोकी कसली? चिकटपट्टी, रद्दीचे बोळे... बाबा, वरचा कप्पा रिकामा का आहे?

बाबा : ती कात्री दे जरा.

मी : कात्री माझ्या पाठीमागे आहे आणि तिथेच राहणार. चावीची उडती तबकडी कुठेय? चंद्रगाडी? तो रबरी कपड्यांचा अंतराळवीर, टोपाची काच उघडली की आतला माणूस घाबरलेला दिसतो तो?

बाबा : घाबरलेला नाहीये तो. चकित झालाय.

मी : भुवया बघ त्याच्या. कुठेय?

बाबा : त्या खोक्यात. रविवारी दातांचे डॉक्टर येतायत. सगळं घेऊन जाणारेत.

मी : ते? जे मागे आले तेव्हा खिशातून हातमोजे काढून रॉकेट उचलत होते?

बाबा : अगं भिंगरे, शौकीन माणूस आहे तो. अख्खा हॉल आहे त्यांच्याकडे. प्रत्येक खेळण्यावर वेगळा दिवा. धूळ नाही, ऊन नाही. नीट राहतील तिथे.

मी : आ करून. दिव्याखाली. आणि तू काय करणार?

बाबा : मी लिफ्ट दुरुस्त करतो. करत राहीन. मला काय झालंय?

मी : तू दिवसभर लोकांना वर पोचवतोस आणि घरी आलास की या कपाटासमोर उभा राहून डबा खातोस. मी बघितलंय. उभ्याने. रविवारनंतर भिंतीसमोर उभा राहणार का?

बाबा : तुला खोली हवी. शाळेची शेवटची वर्षं आहेत. टेबल हवं, दार लावून बसता आलं पाहिजे.

मी : मी कधी म्हटलं, खोली हवी?

बाबा : म्हणायला कशाला हवं? मला कळतं की. मागे तुझी टोळी आली होती, आठवतंय? बेल वाजली आणि तू धावत जाऊन या खोलीचं दार लोटलंस. वर कडी लावलीस. मी दाराशीच बुटाची नाडी सोडत होतो, तिथून दिसलं. म्हटलं, झालं. बापाच्या बाहुल्यांची लाज वाटायच्या वयाला आली पोर.

मी : बाबा...

बाबा : त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. मीही त्या वयात...

मी : बाबा, त्या दिवशी या खोलीत दोरीवर माझे आतले कपडे वाळत होते.

बाबा : आं?

मी : ओळीने. त्यात एक बदकांच्या चित्रांची. टोळीने ती बघितली असती ना, तर मला शाळा बदलावी लागली असती.

बाबा : बदकांची?

मी : विषय बदलू नकोस! तुझ्या रोबोंची नाही, माझ्या बदकांची लाज होती! आणि तू एवढ्यावरून अख्खं कपाट उचलून द्यायला निघालास? विचारायचं होतंस ना मला.

बाबा : काय विचारायचं? 'बाळ, तुला बापाची लाज वाटते का?'

मी : हो! अस्संच! मी आज घरात आल्या आल्या तोंडावर विचारलं की नाही?

आई : काय चाललंय? खाली फाटकापर्यंत आवाज येतोय. दिवसभर दवाखान्यात लोकांचे गुडघे वाकवून आलेय मी, जरा पाठ टेकू द्या. आणि माझ्या वाटेत ही खोकी कुणी ठेवली?

मी : आई, तुला माहीत होतं? बाबा सगळं देऊन टाकतोय. दातवाल्यांना.

आई : सगळं? मी टेबलापुरती जागा कर म्हटलं होतं.

बाबा : तू म्हणालीस, 'या पसाऱ्याचं एकदा काय ते करून टाक.'

आई : अरे, ते मी लग्न झाल्यापासून म्हणतेय! तू ऐकायला आत्ता लागलास?

बाबा : आता शब्द दिलाय मी त्यांना.

आई : शब्द दिलाय म्हणे. हिला सांगितलंस का, तुझा स्वतःचा रोबो कुठे गेला ते?

बाबा : ते कशाला आता.

मी : कुठे गेला? सापडत नाही एवढंच सांगतोस नेहमी.

आई : सांग तिला. तुझ्याच तोंडाने सांग.

बाबा : काही मोठं नाहीये. तुझ्याएवढा होतो. शाळेतून आलो. रोबो माझ्या पुस्तकांच्या फळीवर उभा असायचा, डाव्या कोपऱ्यात. बघतो तर फळी पुसलेली. त्या कोपऱ्यात कंपासपेटी. नवीकोरी. आजोबा म्हणाले, आता मोठा झालास.

मी : आणि रोबो?

बाबा : भंगारात. पत्रा चांगला होता म्हणाले.

मी : मग तू काय म्हणालास?

बाबा : थँक्यू म्हणालो. कंपासपेटी खरंच चांगली होती.

मी : ओरडला नाहीस? रडला नाहीस? जेवण सोडलं नाहीस? काहीच नाही?

बाबा : आमच्या घरात तशी पद्धत नव्हती.

मी : या घरात आहे! मी आज जेवण सोडणार! म्हणजे... भूक लागलीय, पण सोडणार! बाबा, तू आजोबांचंच करतोयस. फक्त या वेळी भंगारवाला हातमोजे घालून येणार.

आई : बरोब्बर बोलली.

बाबा : वादविवादात बक्षीस आल्यापासून ही अशीच बोलते. पाणी मागितलं तरी दोन मुद्दे मांडते.

मी : तीन. मुद्दा एक, ढब्बू रोबो खोक्यात नाही, खिडकीत उभा आहे. त्याला का नाही भरलंस? म्हणजे तुझं मन होत नाहीये!

बाबा : मन कसलं. डॉक्टरच नको म्हणाले त्याला. पायांचे तळवे बघ. घासलेत. असा माल ते हॉलमध्ये ठेवत नाहीत.

मी : माल? ढब्बूला माल म्हणाले?

बाबा : त्यांचं बोलणं तसंच असतं. मलाच कळत नाही, हा झिजला कसा. पत्र्याचा रोबो, कपाटाबाहेर पडत नाही, तरी तळव्यांना ओरखडे. आणि परवा उचलला तर जड लागला. पाठीचं झाकण उघडतो, तर आत सेल! मी सेल कधी आत ठेवत नाही. विसरून राहिले की फुटतात, हिरवं पाणी येतं, पत्रा खाऊन टाकतं. जुन्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये हा मला सापडला, कुणीतरी पोत्यात घालून टाकलेला, तेव्हा पोट नुसतं हिरवं होतं त्याचं. कापसाने व्हिनेगर लावून लावून साफ केलाय. म्हणून विचारतो, रागावत नाही. भिंगरे, तू काढतेस ना त्याला?

मी : मी? आईशपथ नाही! आई, सांग ना... आई? तू डब्याची पिशवी का लपवतेयस?

आई : मी पाणी पिऊन येते.

मी : पाणी तिकडे नाहीये. तिकडे बाथरूम आहे.

आई : बरं. मी नेते. अधूनमधून.

बाबा : कुठे?

आई : दवाखान्यात. टॉवेलमध्ये गुंडाळून, डब्याच्या पिशवीतून.

बाबा : ढब्बूला? तेलकट डब्याशेजारी?

आई : टॉवेलमध्ये म्हटलं ना! ऐक आधी. एक मुलगी यायची. एवढीशी. पायाचं प्लास्टर निघालं होतं, हाड चांगलं जुळलं होतं, पण पोर पाऊल टाकेना. दुखत नव्हतं, भीती बसली होती. फुगे दाखवले, गोष्टी सांगितल्या, तिची आई काकुळतीला आली. ढिम्म. मग एक दिवस याला घेऊन गेले. फरशीवर उभा केला, खटका दाबला.

मी : मग?

आई : मग हा निघाला की त्याच्या त्या चालीने. गुडघे ताठ, डुलत डुलत, छातीतले दिवे लावत. ती बघत राहिली. म्हणाली, याचंपण प्लास्टर काढलंय? म्हटलं, हो, कालच.

मी : आई! खोटारडी!

आई : आणि उतरली ना खाली! त्याच्यामागून, त्याच्यासारखीच, ताठ पायांनी. भिंतीपर्यंत. हा भिंतीला धडकून वळला. तीही धडकली, आणि वळली.

बाबा : तुझ्या तिथली फरशी खडबडीत आहे?

आई : आहे. पोरं घसरू नयेत म्हणून. त्यानेच तळवे गेले. आता सगळीच पोरं विचारतात. ज्या दिवशी नेत नाही त्या दिवशी म्हणतात, ढब्बू सुट्टीवर का?

बाबा : त्यांना नाव कसं माहीत?

आई : ओळख करून द्यायला नको?

बाबा : आणि मला बोलली नाहीस.

आई : तुला बोलले असते तर तू मला हातमोजे आणून दिले असतेस.

मी : बाबा? रागावलास?

बाबा : नाही. चालताना उजवीकडे ओढतो का तो?

आई : थोडासा. भिंतीशी आला की जास्त.

बाबा : वंगण सुकलं असणार. दे इकडे. बघू.

मी : असा उभ्याने काय बघतोस? खाली ठेव ना.

बाबा : उभ्याने नाहीच बघायचं. आडवी हो. गाल टेकव फरशीला. वरून बघितलं की तो खेळणं दिसतो. इथून बघ.

आई : माझी पाठ, अरे.

मी : रोज लोकांना आडवं पाडतेस, आज स्वतः हो. सरक.

(तिघंही फरशीवर, गाल जमिनीला टेकवून. खर्र, खट. खर्र, खट.)

मी : बापरे. केवढा मोठा आहे हा.

बाबा : आहे ना? मी लहान असताना असाच पडून राहायचो. खाटेखालून यायचा माझा तो रोबो. खाटेखाली अंधार, आणि आधी फक्त छातीतले दिवे दिसायचे. कुठून कुठून प्रवास करून आलाय असं वाटायचं. आणि आला तो माझ्याकडेच.

आई : हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

बाबा : तू पसारा म्हणायचीस.

आई : पसारा तर आहेच. पण सांगायचंस.

मी : म्हणजे खेळतोस! कबूल कर! टोळीला काय सांगू?

बाबा : सांग... बघ, डॉक्टरांना मी काय तोंड दाखवू? मोठी माणसं शब्द देऊन फिरत नाहीत. आणि तुझ्या टेबलाचं काय? ते तर हवंच आहे.

आई : टेबल हवंच. त्यात तडजोड नाही. हिचा अभ्यास स्वयंपाकघरात होतो, म्हणजे होतच नाही.

मी : थांबा. मला एक सांगा. ही खोली कुणाला दिलीय तुम्ही?

बाबा : तुला.

मी : पक्कं? मागाहून फिरवाफिरवी नाही?

बाबा : पक्कं.

मी : आई, तू साक्षीदार.

आई : जमिनीवरच कोर्ट भरवा आता.

मी : उठते मी. हं. ऐका. मी ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय. खोली माझी, तर खोलीत कोण राहणार ते मी ठरवणार, आणि सगळे राहणार. तबकडी, चंद्रगाडी, घाबरलेला अंतराळवीर...

बाबा : चकित.

मी : माझ्या खोलीत तो घाबरलेला आहे! टेबल खिडकीशी बसतं, मघाशी बोलता बोलता नजरेने मापलं. कपाट भिंतीला सरकेल. काचा काढायच्या. मला हात पोचला पाहिजे.

बाबा : धूळ बसेल, भिंगरे.

मी : मी पुसेन. तू शिकव. दातवाल्यांना फोन मी करते. तू शब्द दिलास, मी नाही दिला. म्हणेन, काका, बाबांनी जे द्यायचं कबूल केलं ते त्यांचं नव्हतं, माझं आहे, आणि मला नाही द्यायचं. रागावू देत. दात दुखला तर आपण दुसरे डॉक्टर बघू.

आई : नीट बोल हो फोनवर.

मी : नीटच बोलेन. नीट आणि नाही. आणि शनिवारी टोळी घरी येणार. या खोलीचं दार सताड उघडं राहील. पैज होती ना, विचारून दाखव म्हणून? मी त्यांना आडवं पाडून, गाल टेकवायला लावून उत्तर देणार. ज्यांना हसायचंय त्यांनी तिथून बघून हसून दाखवावं.

बाबा : आणि बदकं?

मी : बदकं तुमच्या खोलीत वाळतील. चर्चा बंद. बाबा, काय करतोयस?

बाबा : काही नाही. झालं ना बघून? ढब्बूचे सेल काढून ठेवतो.

मी : राहू देत. सोमवारी त्याला कामावर जायचंय.