शेवटच्यानं पाणी सोडायचं

आमचं गाव सांगलीकडचं, चहूबाजूंनी ऊस. आप्पा म्हणायचे, एक पोरगी तरी उसातनं बाहेर काढीन. मग अमेरिकेचं स्थळ आलं, मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट, आप्पांनी पत्रिका बघितली, मी फोटो बघितला, झालं लग्न. आन् काय सांगू तुम्हाला, विमानं बदलत बदलत हवाईला उतरले तर रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊसच ऊस! म्हटलं, अमेरिका कुठाय? हे म्हणाले, हीच. उसातनं उठले आन् उसातच येऊन पडले. मळ्याच्या चाळीत लाकडी घर, हे शिफ्टला गेले की दिवसभर बोलायला माणूस न्हाई. बॅग मी सोडलीच न्हाई, कॉटखाली तशीच, आज परत जाऊ, उद्या जाऊ.

शेजारी एक जपानी म्हातारी, ऐंशीच्या घरातली, मी आजीच म्हणते. तिचा मुलगा ह्यांच्याच कारखान्यात बॉयलरवर. तीपण फोटोवरच लग्न करून आलेली, अठराव्या वर्षी. फोटोत नवरा पंचविशीचा, बंदरावर बघते तर चाळिशीचा! मग जन्मभर उसात खुरपणी, पोर पाठीला बांधून. ती मोडक्या इंग्रजीत सांगायची, मी मोडक्या इंग्रजीत ऐकायची.

एकदा तिनं मला न्हायला बोलावलं. अंगणात न्हाणीघर, मोठी लाकडी टाकी, खाली जाळ. अंग बाहेर धुवायचं, मग नुसतं गरम पाण्यात बसायचं. पाहुणी म्हणून पहिला मान माझा. बसले, आन् कित्येक महिन्यांचा शीण उतरला बघा, रडलेसुद्धा. उठताना मनात आलं, आपलं वापरलेलं पाणी म्हाताऱ्या माणसाला ठेवायचं? शोभतं का? बूच काढलं, टाकी घासून लख्ख केली. बाहेर येते तर तिचा मुलगा काजळीनं काळा, टॉवेल घेऊन उभा. त्यांच्यात सगळ्या घराला एकच पाणी असतं हो! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आजीनं परत पाणी भरून जाळ घातला. मग हसून म्हणाली, शेवटच्यानं पाणी सोडायचं असतं, आन् ह्या घरात साठ वर्षं शेवटची मी, तुला गं कसली घाई? त्या दिवशी मी बॅग उघडली, साड्या कपाटात लावल्या.

सात वर्षं झाली त्याला. आजीचा मुलगा मागच्या साली गेला, अटॅकनं. आता जाळ मी घालते, तिला धरून आधी बसवते, ती नको नको म्हणते, मी ऐकत न्हाई. तिच्यामागनं मी, आन् बूच मी काढते.

आता ह्यांनी टेक्सासला नोकरी धरलीय, प्लेनोला. कारखाना टिकायचा न्हाई म्हणतात. म्हटलं, आजीचं काय? हे म्हणाले, ती काय आपली आई हाय का? पोटामागं जायलाच लागतं. दमले मी आता बॅगा भरून. चाळीतली माणसं आजीला म्हाताऱ्यांच्या आश्रमात ठेवणार हायत, तिथं नुसता शॉवर.

काल तिला सांगितलं. म्हणाली, आज तू पहिली. पाहुणी हायस. बसले. मग तिला बसवलं. उठल्यावर बूच काढायला ती वाकली, हात पोचेना, मी पुढं झाले तर माझा हात झटकला. तिचं तिनंच काढलं. पाणी पार जाईस्तोवर दोघी तिथंच उभ्या होतो. मग डोक्यावर हात ठेवून म्हणाली, जा, सुखी राहा.