बिनधुळीचा मुकुट

तेलेस : ...आणि आता तो आर्गॉसचा पैलवानही माघार घेऊन गेला. पंचांना म्हणाला, पोटात कळ आलीय.

दामिस : सकाळी तर भाकरीवर भाकरी हाणत होता.

तेलेस : सिराक्यूजच्या ब्रिसॉनला अंगाला तेल लावताना पाहिलं आणि कळ उठली. शहाणा निघाला. दाम्या, आपणही शहाणे होऊ या.

दामिस : दादा, तेल इकडे दे.

तेलेस : ऐकतोयस का? तुझ्याखेरीज आता कुणी उरलं नाही. तू माघार घेतलीस की तो सिराक्यूजचा डोंगर मुकुट घेऊन आपल्या घरी, आपण आपल्या. हातपाय शाबूत.

दामिस : गेल्या खेपेला इथं नेमेयात असाच जिंकला ना तो?

तेलेस : इथंही आणि इस्थमसच्या खेळांतही. अंगाला धूळ न लागता. त्याचा मान राहतो, बाकीच्यांची मान राहते.

दामिस : माघारच घ्यायची तर एवढे डोंगर कशाला उतरलो? घरूनच घेतली असती.

तेलेस : आणि आईला काय सांगू? बाबांचा खांदा निखळला तो आखाड्यातच. पुढे नांगर धरता आला नाही त्यांना.

दामिस : बाबा रडले ते खांद्यासाठी नाही. पुन्हा उतरता आलं नाही म्हणून. तूच सांगितलंस.

तेलेस : सांगायलाच नको होतं.

दामिस : भीती वाटते तुला?

तेलेस : तुला नाही वाटत?

दामिस : वाटते ना. पण पाठ नीट चोळ. 

तेलेस : ...वळ. आता ऐक. त्याला ढकलायला जाऊ नकोस, जन्मात हलायचा नाही. तो रेटत आला की त्याचा हात धर, आत वळ आणि त्याचाच भार कंबरेवर घे. कर्णा वाजला बघ. जा. माझ्या तोंडाकडे काय बघतोस, जा!

(कुस्ती संपली आहे. सरूच्या झाडाखाली तेलेस दामिसच्या अंगावरचं तेल आणि माती खरवडून काढतो आहे.)

दामिस : आई गं! हळू!

तेलेस : सगळं जागच्या जागी आहे, बोंबलतोस काय! तीनदा पाठ लागली तुझी, म्हणून मुकुट त्याचा.

दामिस : आणि त्याची?

तेलेस : एकदा.

दामिस : पुन्हा सांग.

तेलेस : एकदा लागली रे! अस्मान दाखवलंस त्याला!  मग कुणी कोरिंथचा म्हातारा, ओळख ना पाळख, माझ्या गळ्यात पडून नाचायलाच लागला. अरे... ब्रिसॉन इकडेच येतोय. तू गप्प बस, मी बोलतो.

ब्रिसॉन : बसू का इथं?

तेलेस : पैलवान, पोराचं काही चुकलं असेल तर...

ब्रिसॉन : नाव विचारायला आलो. गलबल्यात ऐकू आलं नाही.

दामिस : दामिस. स्तिम्फालोसचा.

ब्रिसॉन : दामिस. घरी गेलो की बाप विचारतो, कुणाला पाडलंस? सांगायला नावच नसतं. पानांचे मुकुट नुसते भिंतीवर सुकतात. आज सांगायला नाव आहे.

दामिस : पडलास तेव्हा तुझं तोंड कसंतरीच झालं होतं.

ब्रिसॉन : हसत होतो.

तेलेस : ते हसणं होतं? आम्हाला वाटलं, आता जीव घेणार!

ब्रिसॉन : सरावालाही कुणी उभं राहत नाही माझ्यापुढं. बैलाला रेटायचो. आता बैलही टाळतो.

दामिस : दादा, हसू नकोस.

तेलेस : मी कुठं हसतोय? तूच...

ब्रिसॉन : वसंतात इस्थमसचे खेळ आहेत. तोवर घरी गेलो नाही तर? तुमच्या गावात आखाडा आहे?

तेलेस : आखाडा कसला! तळ्याकाठी माती उकरलीय, एवढंच.

ब्रिसॉन : माती आहे ना?

दामिस : दादा!

तेलेस : थांब रे. पैलवान, आमच्याकडे जवाची भाकरी, कांदा आणि शेळीचं चीज. तुमचं पोट भरायचं नाही.

ब्रिसॉन : लाकडं फोडीन. नांगर धरीन.

दामिस : आणि वसंतात आपलीच जोड लागली तर?

ब्रिसॉन : तर मला पाड. पण उतर.

तेलेस : ...दाम्या, सरक जरा. त्यांना सावलीत घे.