इंजिन कसं वाजत होतं

कानाच्या डॉक्टरांकडे शिंपीणबाईंचा नंबर लागायला अवकाश होता. शेजारच्या बाकावरचं म्हातारं जोडपं इतक्या मोठ्याने बोलत होतं, की ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येत होतं.

"तोंड इकडे करून बोल. काल माझ्या रिमोटवरच्या छोट्या विमानाचं इंजिन कसं वाजत होतं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"छान वाजत होतं हो."

"मग वर गेल्यावर बंद का पडलं? खाली आलं तेव्हा नुसतं भाजत होतं. इंधन कमी पडलं. इंधन सोडणारी सुई जास्त आवळली गेली माझ्याकडून."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"आता तुलाच कळायला हवं. मी सुई फिरवणार, तू ऐकणार."

"डॉक्टर कानाला मशीन देतील ना."

"मशीनचा उपयोग नाही, असं ते मागच्या खेपेला तुला म्हणाले. त्यांचे ओठ मलाही दिसतात."

शिंपीणबाईंनी मान खाली घातली.

"बरं, ऐक. इंधन जास्त झालं की आवाज जाड, घरघरता येतो. सुई आवळत नेली की बारीक होत जातो. अगदी बारीक झाला की जराशी सैल करायची. काढून दाखव बरं आवाज."

"इथे? चार माणसांत?"

"काढ गं."

"घर्रर्र..."

त्याने दोन बोटं तिच्या गळ्यावर टेकवली. "हा जाड. आता चढव."

"घिर्रर्र... ईंईं..."

"शाबास! पण मधेच थरथरतोय का? रडतेस की काय?"

"नाही हो. इंजिनच तसं वाजतं."

"मग थोडी सैल करू," तो म्हणाला; पण बोटं काही त्याने काढली नाहीत.