पुसायचं नाही, नुसतं काळं करायचं

नाही नाही, पुसायचं नाही भाऊ, पुसलं की कळतं — चौकातल्या स्टुडिओत आधी तेच करून घेतलं होतं मी, तर फोटोतली सून गेली आणि मागच्या खिडकीचे गज नेमके ती उभी होती तिथे वाकडे झाले, बघणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाणार — म्हणून म्हणते, तिला राहू दे, फक्त काळी करत न्या. मघाशी तुम्ही त्या दुसऱ्या फोटोतल्या नवरदेवाचा कोट काळा केलात ना, माउस फिरवून फिरवून, तसं. सावली पडल्यासारखं वाटलं पाहिजे. आणि माझ्या मुलाचा चेहरा उजळा. कपाळ, गाल, सगळं. हां, असं. बघा कसा उमदा दिसायला लागला. आई म्हणून नाही सांगत, कुणीही म्हणेल.

दुसरा फोटो? आहेत की ढीगभर — पण त्यात हसतोय कुठे तो? बायको आजारी पडल्यापासून तोंड असं पाडलेलं, की मुलीकडच्यांना वाटायचं ह्यालाच काहीतरी झालंय. मुलीकडचे म्हणजे — बघतोय आम्ही. म्हणजे मी बघतेय, त्याला अजून बोलले नाही. आता तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही कुठे कुणाला सांगायला जाताय. नाही, गेली नाही ती, आहे अजून, दवाखान्यात. डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळतंच. मग ती जाईपर्यंत मी हातावर हात ठेवून बसू? चांगल्या मुली काय आमच्यासाठी थांबणार आहेत? तुम्ही फिरवा माउस, तुमचं लक्ष कामात असू दे.

अजून काळं. गाल दिसतोय तिचा. — काय म्हणालात? तो अंधाराकडे बघून हसतोय असं वाटतं? वाटू दे. तिच्याकडेच बघत होता, त्याला मी काय करू. काहीतरी बोलली असेल ती, सारखी बोलायची, कपडे वाळत घालताना, भांडी घासताना, आणि हा वेडा शब्दाशब्दाला हसायचा. माझ्या बोलण्यावर तो कधी हसलेला मला तरी आठवत नाही — लहानपणी हसला असेल, असेल, नाही कशाला म्हणू. करा काळा तो गाल.

आता मला घ्या. ह्या कडेला मी उभी आहे ना, माझी शाल नुसता गोळा दिसतेय, ती जरा उजळा, महागाची आहे. खांदा, बाही, कोपर... थांबा. हे काय आलं कोपराखाली? बोटं आहेत ही. — माझी कशी असतील, माझे दोन्ही हात तर समोर दिसतायत. तिची. तिचीच. कमरेचं ऑपरेशन झालं होतं माझं, उभं राहवत नव्हतं, आणि खुर्चीत बसून मला फोटो नको होता, म्हातारी दिसते — तर म्हणाली, आई, तुम्ही उभ्या राहा, मी मागून धरते, कुणाला दिसणार नाही. आणि नव्हतंच दिसलं आजवर. तुम्हाला कुणी सांगितलं होतं एवढं उजळायला? धरलं म्हणजे काय उपकार केले? आंघोळ घालायची मला, केस विंचरायची, रात्री हाक मारली की उठायची — घरात आल्यावर एवढं करावंच लागतं. नव्या मुलीला मी आधीच सांगणार आहे, माझे गुडघे आता साथ देत नाहीत म्हणून. काळी करा ती बोटं. शाल काळी झाली तर होऊ दे, नको मला शाल.

हात का थांबला तुमचा? झालं ना, मग एक मोठी प्रिंट काढा. नाही हो, मुलीकडच्यांना मोबाइलवर जाईल, प्रिंट दवाखान्यासाठी. पेनड्राइव्ह मुलानंच दिलाय, फोटो तिच्या पलंगासमोर लावायचाय म्हणाला — तिनंच मागितलाय हा फोटो, आपण तिघं एकत्र आहोत तो आणा म्हणाली. — जुना कशाला? तो काढायचा नाही, हाच काढा. तिला आता कुठे नीट दिसतं. विचारलं तर सांगेन, आहेस की तू, ही काय, आमच्या मधे. खोटं का आहे? पुसलंय का मी तिला? आणि तो दिवसभर तिथेच बसलेला असतो, त्याच्याही डोळ्यांना सवय होऊ दे. काही बोललाच, तर म्हणेन स्टुडिओवाल्यानं बिघडवला.

असं बघू नका माझ्याकडे. काढा प्रिंट.