वाफेचं पाणी

(लोहारा, कारखान्यांच्या मागची वस्ती. रजनी ड्युटी संपवून, इंदूबाईंकडे सांभाळायला ठेवलेल्या लेकीला, भैरवीला, न्यायला आली आहे.)

रजनी : नाही मावशी, साबणाचा नाही हा वास. भैरवीच्या केसांतून येतोय. जळक्या प्लास्टिकसारखा.

इंदूबाई : तुमचं नाक म्हंजे न मॅडम! चुलीचा असन.

रजनी : रात्रभर खोकत होती. खरं सांगा, चुलीत काय घालता?

इंदूबाई : पोतडी.

रजनी : कसली?

इंदूबाई : तुमच्याच कंपनीची. रिकामी झाली का भंगारवाला इकडंच फेकते. झटक्यात पेटते.

रजनी : अहो, रंगाची केमिकलं असतात त्यात! लेकराजवळ जाळता?

इंदूबाई : मंग कायनं तापवू हिच्या आंघोळीचं पाणी? कपाशीची वाळकी पऱ्हाटी राह्यली कुठं? यंदा बोंडअळी पडली, अन् साऱ्यायनं उभ्या कपाशीवर रोटावेटर फिरवला. चुलीले काडी नाही.

रजनी : मग मागच्या वर्षी कसं करायच्या?

इंदूबाई : तवा नळी होती न. कंपनीच्या भिंतीतून कढत पाणी पडे, साफ, काचेवाणी. वस्तीतले सारे लेकरं त्याच्यावरच न्हायले. दिवाळीच्या टायमाले बंद केली.

रजनी : ...ते वाफेचं पाणी होतं मावशी. वाया जायचं. आता परत बॉयलरमध्ये जातं. कोळसा कमी लागतो. धूरही कमी.

इंदूबाई : हाव, चिमणीचा धूर कमी झाला खरा. तो इकडं राह्याले आला.

रजनी : हसू नका ना.

इंदूबाई : मंग रडू का?

रजनी : ती नळी मी बंद करवली. मीच साहेबांना दाखवलं, ऊन पाणी कुठं कुठं वाया जातं ते. बुके दिला मला, फोटो काढला. रोज तुमच्या दारात येते, पण भिंतीच्या या अंगाला बादल्या कोण लावतं, हे बघायला चार पावलं गेले नाही.

इंदूबाई : माहीत आहे मले.

रजनी : काय?

इंदूबाई : तुमीच बंद केली, ते. वाचमन सांगे.

रजनी : मग बोलला का नाहीत?

इंदूबाई : तुमाले राग आला असता, अन् पोरगी दुसरीकडं ठेवली असती तं?

रजनी : उद्याच बोलते मी साहेबांशी. वस्तीसाठी एक तोटी तरी ठेवायलाच हवी. तोवर भैरवीला मी घरूनच आंघोळ घालून आणीन. पण पोतडी जाळू नका. तुमच्या लेकीच्या, मोनालीच्या पाण्यालाही नको.

इंदूबाई : मोनालीच्या? तिले तं मी थंड्याच पाण्यानं आंघोळ घालतो. पोतडी भैरवीपुरतीच पेटवतो. तिले सवय नाही न.