मेणाचा एसा

तॅबिथा : कठड्याच्या आत आले तर आले. माझा भाऊ हाये तो.

डॉर्कस : मेणाचा आहे बाई तो. ऑगस्टचा उकाडा आहे, बोट लावलंत तर रुतेल. आणि दोनपर्यंत म्युझियम बंद असतं. आत सोडलं कुणी तुम्हाला?

तॅबिथा : पडद्यामागं एक आंधळे बाबा चाकाला तेल घालत बसलेत, त्यांनी.

डॉर्कस : एफ्रम. माझा नवरा. तो चाक फिरवतो तेव्हा इथे गडगडाट होतो आणि सैतानाचा हात हलतो. बरं, काय हवंय तुम्हाला?

तॅबिथा : कोर्ट जेवायला सुटलंय. बाहेर जो तो म्हणतोय, एसा प्रेविटला बघायचं तर म्युझियमात जा, नरकाच्या खोलीत उभा हाये. म्हटलं बघावं. अजून खुनाच्या खटल्याचा निकाल लागला न्हाई बाई. ज्युरी बसलीय अजून. आणि तुमी त्येला सैतानाच्या शेजारी उभा केला, हातात सुरा दिला.

डॉर्कस : सुरा हॅस्केलसाहेबांनी दिला. मालक तेच. मी नुसती डोकी करते.

तॅबिथा : मग डोकं तरी धड करायचं. हे नाक एसाचं न्हाई.

डॉर्कस : नाक एका नदीवरच्या दरोडेखोराचं आहे. साहेबांना खटला उभा राहायच्या आत पुतळा पाहिजे होता. नवा साचा करायला वेळ कुणाला? जुन्याच साच्यात मेण ओतलं, पिवळे केस लावले, गालावर व्रण केला. लोकांना तेवढं पुरतं.

तॅबिथा : व्रण बी चुकलाय. एसाला घोड्यानं लाथ मारली तवा उजव्या गालावर मीच टाके घातलेत. तुमी डाव्या गालावर केलाय.

डॉर्कस : उजव्या? थांबा, दिवा आणते. हो की हो. खाच मी साच्यात कोरली, आणि साच्याच्या आतून सगळं उलटं दिसतं. इतकी वर्षं हेच करतेय, लाज वाटायला हवी मला. बसा त्या पेटीवर. सुरी तापवते आणि आत्ताच्या आत्ता पलीकडे घेते.

तॅबिथा : घ्या. तेवढं तरी खरं असू दे.

डॉर्कस : साक्षी संपल्या का?

तॅबिथा : सकाळी ओबेडची झाली, तो नाववाला. म्हणला, तिन्हीसांजेला एकाला ओहायो नदीच्या पलीकडं सोडला, बाह्या रक्तानं भरलेल्या. पिवळे केस, डाव्या गालावर व्रण. आणि एसाकडं बोट केलं. आमच्या वकिलानं विचारलं, डावा का उजवा? बायबलवर हात ठेवून म्हणला, डावा. तर जज्ज म्हणले, समोरून बघताना डावं-उजवं कुणाचंही चुकतं. ज्युरीनं माना हलवल्या. एसा त्या दिवशी माझ्या घरी मका सोलत होता, पण बहिणीचं कोण ऐकतो?

डॉर्कस : ओबेड म्हणजे, दोन बोटं तुटलेला? बोलताना टोपी चुरगाळतो?

तॅबिथा : तोच. तुमच्या ओळखीचा?

डॉर्कस : इथे येऊन गेलाय. दोन-तीनदा. कठड्याला रेलून उभा राहायचा. शेवटी मला विचारलंन, हाच का तो? मी म्हटलं, हाच.

तॅबिथा : कधी?

डॉर्कस : खटल्याच्या आधी.

तॅबिथा : ती सुरी खाली ठेवा.

डॉर्कस : अं?

तॅबिथा : खाली ठेवा, बाई. तिन्हीसांजेच्या अंधारात त्येनं कुणाचं तोंड बघितलंच न्हाई. त्येनं हे बघितलं. एसाला डाव्या गालावर व्रण साऱ्या जगात फक्त हितं हाये.

डॉर्कस : देवा. मीच सांगितलं त्याला.

तॅबिथा : मी वकिलाला घेऊन येते. कोर्ट बसायच्या आत त्येनं डोळ्यांनी बघितलं पाहिजे. तुमी चलाल कोर्टात? सांगाल हे?

डॉर्कस : सांगेन. साचासुद्धा आहे, त्यात खाच तशीच आहे. माझ्या हातून कुणाचा जीव जायला नको. जा तुम्ही, पळा.

हॅस्केल : कोण हो ती? जिन्यात मला धडकून गेली.

डॉर्कस : एसा प्रेविटची बहीण. बरं झालं आलात, साहेब. आपल्याकडून एक चूक झालीय, पण त्या चुकीनं एक माणूस वाचेल. व्रण मी उलट्या गालावर केला, आणि ओबेडनं तो इथे बघून कोर्टात तसाच सांगितला.

हॅस्केल : उलट्या गालावर. आणि इतके दिवस तसाच उभा आहे?

डॉर्कस : हो.

हॅस्केल : मग दुरुस्त करा.

डॉर्कस : वकील येतायत बघायला.

हॅस्केल : म्हणूनच. डॉर्कसबाई, वरच्या मजल्यावर एका घुबडाच्या चिठ्ठीवर नाव चुकलं होतं, तर मला जेवण गेलं नव्हतं. चुकीची वस्तू मांडून ठेवायला ही काय जत्रा आहे?

डॉर्कस : तो फासावर जाईल, साहेब.

हॅस्केल : ते कोर्ट बघेल. तुम्ही वरचे पक्षी बघा. उमर गेली माझी ते जमवण्यात. शास्त्राचं म्युझियम म्हणून गावानं हार घातले आणि पुन्हा कुणी फिरकलं नाही. हा नरक उघडला तेव्हा कुठे कपाटांना काचा बसल्या. आमच्या पुतळ्यांवरून साक्षीदार तयार होतात, असं कोर्टात निघालं तर शेरीफ संध्याकाळी कुलूप घालेल. मग एफ्रमनं कुठे जायचं? या गावात डुकरं कापायचं काम आहे. आंधळ्याच्या हातात सुरा देईल कोणी?

डॉर्कस : तो ऐकतोय. पडद्यामागेच आहे.

हॅस्केल : मग त्यालाच विचारू. एफ्रम, तुला काय वाटतं रे?

डॉर्कस : पुन्हा चाकाला तेल घालायला लागला तो.

हॅस्केल : शहाणा माणूस आहे. आधी साचा फोडा.

डॉर्कस : शेकडो लोकांनी पाहिलाय हा व्रण.

हॅस्केल : लाल दिव्यात, धुरात. लोक इथे घाबरायला येतात, गाल तपासायला नाही. उरकून घ्या.

(आतल्या खोलीत प्लॅस्टर फुटल्याचा आवाज. मग बराच वेळ मेणावर फिरणारी सुरी.)

तॅबिथा : या वकीलसाहेब, पायरी सांभाळा. ह्यो बगा. ह्यो डावा... न्हाई. मगाशी हितंच होता. बाई?

हॅस्केल : नमस्कार, वकीलसाहेब. काय दाखवू आपल्याला?

तॅबिथा : त्यांनी फिरवला! मेण ऊन हाये अजून, हात लावून बगा साहेब.

हॅस्केल : ऑगस्ट आहे बाई. सगळंच ऊन आहे.

तॅबिथा : बाई, तुमी सांगा. मगाशी व्रण कुठं होता? खाली नका बघू, माझ्याकडं बगा.

डॉर्कस : उजवीकडेच होता.

तॅबिथा : आणि साचा? तुमी म्हणालात, साचा हाये.

डॉर्कस : जुने साचे आम्ही ठेवत नाही.

हॅस्केल : बिचारी. सख्खा भाऊ आहे ना, मन थाऱ्यावर कसं राहणार? वकीलसाहेब, तुमची कोर्टाची वेळ झाली.

तॅबिथा : थांबा. बाई, मी तुमाला काय बोलत न्हाई. वकिलाला बोलवाय गेले तवा एसाला सांगून आले, सुटलास म्हणून. आज पहिल्यांदाच भाकरीचा तुकडा तोंडात घातला त्येनं. आता त्येला जाऊन काय सांगू, तेवढं तरी सांगा.